घरच्या सायडरचा धोका मिथेनॉलमध्ये नाही, बुचात आणि भांड्यात आहे

सफरचंदं पिकायला लागली की आम्हा इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर सायडरबद्दल, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूबद्दल, एक मेसेज फिरू लागतो: ‘घरची सायडर म्हणजे हातभट्टीच. त्यात मिथेनॉल तयार होतं, डोळे जातात. करायचीच असेल तर रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवा, जंतू मरतात. आणि बूच घट्ट बसवा, हवा लागू देऊ नका.’ भीती नको त्या गोष्टीची घातली आहे आणि जे खरोखर घातक ते सल्ला म्हणून दिलं आहे.

आधी मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल. सफरचंदातल्या पेक्टिनपासून, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या घटकापासून, ते किंचित तयार होतं, पण नुसत्या आंबवलेल्या रसात त्यानं डोळे जात नाहीत. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती दारूत मिथेनॉल मिसळलं होतं म्हणून. त्याचं खापर आंबवण्यावर फोडलं की भेसळ करणारा नामानिराळा राहतो. मला याचाच जास्त राग येतो.

बुचाचा सल्ला तर हात-तोंड फाडणारा आहे. रस आंबवणारं यीस्ट साखर खातं तेव्हा वजनानं जवळजवळ निम्म्या साखरेचा कार्बन डायऑक्साइड होतो. ५ लिटर रसात साधारण अर्धा किलो साखर असते, म्हणजे शंभर लिटरहून जास्त वायू. तो काचेच्या बाटलीत कोंडला की बाटली फुटणारच. बाहेरची हवा आत जाऊ नये हे बरोबर, नाहीतर रसाचं व्हिनेगर होतं. पण आतल्या वायूला वाट हवीच. मी पाण्याचा ५ लिटरचा कॅन वापरते, वर चार बोटं जागा सोडून. झाकणाला भोक पाडून माशांच्या टाकीची नळी घट्ट बसवायची, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवायचं. नळी नसेल तर कॅनच्या तोंडावर टाचणीनं भोक पाडलेला फुगा. रस काढायला मिक्सर आणि धुतलेला पंचा. श्रीखंडाचा चक्का बांधतो तसा लगदा बांधून पिळायचा. सडका, बुरशीचा भाग आधीच काढून टाकायचा.

आता भांडं. सफरचंदाचा रस चांगला आंबट असतो, तो काही धातू विरघळवतो. इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, हात लुळे पडत. सायडरच्या घाण्यांत वापरलेल्या शिशामुळे हे होतं, असं जॉर्ज बेकर या डॉक्टरनं १७६७ मध्ये दाखवून दिलं. तांबं-पितळ म्हणजे शिसं नव्हे, पण आंबटात तेही उतरतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात माझी आजी ताकसुद्धा ठेवू देत नसे. काच, स्टील किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीचं प्लास्टिक, एवढंच वापरा.

मेसेजमध्ये कायद्याचा उल्लेखच नाही. इथे स्वतःपुरती सायडर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. तिकडच्या नातेवाइकांना हा मेसेज किंवा माझी कृती पाठवण्याआधी ते सांगा.

बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरू नका. थंडीत यीस्ट नुसतं सुस्तावतं आणि घर तापलं की पुन्हा कामाला लागतं. हायड्रोमीटरचा, म्हणजे रसाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा १.००० किंवा त्याखाली येऊन आठवडाभर तिथेच राहिला, की मग भरा. तेही पहिल्या खेपेला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीत. ती दाबून बघता येते. दगडासारखी कडक लागली, तर झाकण हळूहळू सैल करा.