वडगावचा भोंगा आणि शिवाची रिक्षा

शनिवारी संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत बबनच्या चहाच्या गाड्यावर आमची बैठक असते. परवा विषय ऑस्ट्रेलियाचा निघाला, सोळा वर्षांखालच्या पोरांना तिथं सोशल मीडियाची बंदी केलीय त्याचा. काढला प्रशांतनं. प्रशांतचं मोबाइलचं दुकान आहे, हे आधी सांगितलेलं बरं.

"पोरं काय बघतात त्यात सरकारनं कशाला नाक खुपसायचं?" मनगटावरच्या घड्याळाकडं बघत तो म्हणाला. ते घड्याळ दर दोन मिनिटांनी त्याला काहीतरी सांगत असतं. "जग कुठं चाललंय बघा. आमच्या अर्णवला अडीच वर्षांत सगळे ग्रह पाठ आहेत. इंग्लिशमध्ये. ज्युपिटर म्हणतो ज्युपिटर!"

अर्णव शेजारच्या पायरीवर होता. मांडीवर बापाचा दुसरा फोन, तोंड उघडं, अंगठा स्क्रीनवर. मोटारसायकल अगदी जवळून फर्रकन गेली तरी त्यानं मान वर केली नाही.

"पाणी मागतो का?" शिवानं विचारलं.

"म्हंजे?"

"तहान लागली तर काय म्हणतो?"

प्रशांत अडखळला. "हाताला धरून फ्रिजपाशी नेतो. आम्हाला समजतं की."

"मग गडी गुरूपर्यंत पोचलाय, माठापर्यंत न्हाई."

आबा इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. मला हसू आलं नाही, कारण शिवा हसत नव्हता. सतरा वर्षं तो शाळेची रिक्षा चालवतोय. आमच्या कट्ट्यावर पोरांबद्दल बोलायचा खरा अधिकार कुणाला असेल तर त्याला.

"आधी सकाळी भांडणं सोडवून जीव जायचा," तो सांगायला लागला. "कडेची जागा कुणाची, डबा कुणी हुंगला, भेंड्यांमध्ये कोण चिटिंग करतंय. नवीन पोरगं आलं की चार दिवसांत सगळ्या रिक्षाची नावं त्याला पाठ. आता निम्मी झोपलेली, उरलेली गप. परवा एकाला विचारलं, तुझ्या शेजारी बसतो त्याचं नाव काय रे? म्हणाला, निळ्या बॅगवाला. जूनपासून मांडीला मांडी लावून बसतात दोघं."

"त्याला मोबाइलच कारण कशावरून? डेटा काय तुझ्याकडं?" प्रशांत.

"डेटा मिलिंदला विचार. माझ्याकडं पोरं आहेत."

मिलिंद मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे. तो कधीच घाईनं बोलत नाही. सगळं खापर फोनवर फोडू नका, असं त्यानं आधी बजावलं. पोरगं बोलत नसेल तर पहिल्यांदा कान तपासायचे. मोबाइलनं ऑटिझम होतो म्हणून जे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते सिद्ध झालेलं नाही. त्या मेसेजपायी किती आया स्वतःला दोष देत रडतात, ते तो रोज बघतो. मग त्यानं सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांचा प्रयोग सांगितला, २००३ साली छापून आलेला. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं. त्यांच्याशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, गोष्टी वाचल्या. बारा वेळा, बस. तेवढ्यावर बाळांना त्या भाषेतले आवाज वेगवेगळे ओळखू यायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच खेळणी टीव्हीवर दाखवली. काही उपयोग झाला नाही.

"आवाज तोच की," आबा म्हणाले.

"आवाज तोच. पण टीव्हीतलं माणूस बाळ कुठं बघतंय ते बघत नाही, आबा. बाळानं हूं केलं तर थांबत नाही. म्हणून आमचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको. पाचपर्यंत फार तर तासभर, तेही सोबत बसून."

आबांचा चेहरा पडला. त्यांची नात बेंगळुरूला असते. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ती आपलं बिस्किट स्क्रीनला टेकवते, आबा आ करून खातात, ती परत दुसरं टेकवते. अख्खा पुडा असाच संपतो. "म्हंजे ते पण बंद करायचं?"

"ते नाही. तुम्ही आ करताय की. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीसुद्धा व्हिडिओ कॉलला सूट दिलीय."

आबांनी आनंदानं सगळ्यांना पुन्हा कटिंग सांगितला. तो देत शोभावहिनी, बबनची बायको, एकदम म्हणाल्या, "माझी धाकटी लहान होती तेव्हा मी गाड्यावर आणायची. पेटता स्टोव्ह, उकळता चहा. फोन द्यायचे हातात, एका जागी बसायची. पाप केलं का मी?"

कुणाला काही बोलता येईना. मला लाज वाटली, कारण असल्या चर्चांमध्ये ज्याला पर्याय नाही त्याचाच गळा आपण आधी धरतो.

"न्हाई वहिनी," शिवा म्हणाला. "तुमचे हात अडकलेले होते म्हणून दिलात. हा मोकळ्या हातांनी देतोय."

प्रशांत चिडला. "आपण नाही का शक्तिमान बघून मोठे झालो? बिघडलो का?"

"रविवारी दुपारी लागायचा आणि संपायचा. संपला की आई टीव्हीवर कापड टाकायची, आपण गच्चीवर जाऊन गरागरा फिरायचो. यूट्यूबवर कापड कोण टाकणार? एक संपायच्या आत दुसरं सुरू. तास मोजत बसू नको तू. त्या तासात काय बुडालं ते मोज."

मग मोहित्यांच्या वडगावचा विषय निघणारच होता, आपल्याच जिल्ह्यातलं गाव. २०२२ च्या पंधरा ऑगस्टच्या सुमाराला त्यांनी ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद. प्रशांत म्हणाला, असले चोचले खेड्यात चालतात.

"ऑस्ट्रेलियानं पोरांची खाती बंद केली," शिवा म्हणाला. "वडगावानं बापाचा मोबाइल आणि आईची मालिका बंद केली. अवघड कुठलं, सांग."

याच्यावर प्रशांतकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही दुसरं मत नाही. दीड तास मोठ्यांनी फोन खाली ठेवला तर पोरांना बंदी करायची वेळच कमी येते, असं मला मनापासून वाटतं.

शिवा उठला. अर्णवच्या हातातून फोन त्यानं ओढला नाही. पोराला फोनसकट उचलून रिक्षात पुढच्या सीटवर बसवलं. त्याच्या रिक्षाला अजून रबरी भोंगा आहे. शिवानं तो दाबला, पों. मग गाल फुगवून तोंडानं, पों. अर्णवनं बघितलं. फोन मांडीवरून घसरला. त्यानं दोन्ही हातांनी रबर दाबलं. शिवा म्हणाला, पों. पुन्हा दाबलं. पों. तिसऱ्यांदा शिवा मुद्दाम गप्प राहिला. अर्णव हात भोंग्यावर तसाच ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"वाट बघतोय," मिलिंद हळूच म्हणाला. "प्रशांत, हे घरी कर. रोज. आणि सोमवारी त्याला घेऊन ये, कान बघू आधी."

प्रशांतनं मान हलवली. घड्याळ वाजलं, त्यानं बघितलं नाही. तो असा पडलेला मला बघवेना. शिवालाही बघवलं नसावं, कारण रिक्षातूनच तो ओरडला, "आणि पोराला नावं ठेवू नका रे! घराण्यातच आहे ते. तालमीच्या टूर्नामेंटची फायनल आठवा. मी अर्ध्या पिचवर, हा समोर उभा. यस नाही, नो नाही. बघतोय नुसता माझ्याकडं. रनआउट!"

"मी नो म्हणालो होतो!" प्रशांत उसळून उठला.

"मनात."

"आबा अंपायर होते, विचार त्यांना!"

"मी त्या वेळी चहा पीत होतो," आबा म्हणाले, आणि मग काय, वीस वर्षांपूर्वीची ती फायनल साडेआठपर्यंत चालली. एक चेंडू राहिला होता की दोन, यावरून मिलिंदसुद्धा आवाज चढवून भांडला. मधेमधे रिक्षातून पों पों ऐकू येत होतं.