ठिपके गेले म्हणजे किडा गेला असं नाही

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशावर पांढरे ठिपके दिसले की एक सल्ला हमखास पुढे येतो. त्याचा गोषवारा असा: "औषधांच्या नादी लागू नका. पाणी ३० अंशांवर न्या, खाण्यात लसूण घाला, क्लीनर श्रिम्प (माशांची अंगं साफ करणारी कोळंबी) सोडा. आठवड्यात ठिपके जातात. किडा तर प्रत्येक टाकीत असतोच. आणि मासे निवडताना फार विचार नको, दोन दिवस भांडतात, मग जमवून घेतात." यात निरीक्षण म्हणून एकच गोष्ट खरी आहे, ठिपके जातात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

"आठवड्यात ठिपके जातात." जाणारच. हा किडा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली ३ ते ७ दिवस बसून खातो. आपल्याला दिसणारा ठिपका तोच. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो, तळाशी रांगतो, वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. मासा सोडणं आणि कवच फुटणं बहुतेक अंधारात होतं. म्हणून संध्याकाळी मीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा टँग (सर्जनफिश) सकाळी दिवा लावताना लख्ख दिसतो, आणि आदल्या दिवशी लसूण सुरू केला असेल तर श्रेय लसणाला मिळतं.

मग दोन-तीन आठवड्यांनी ठिपके परत येतात, पहिल्यापेक्षा दाट. कधी येतही नाहीत, आणि हा सल्ला टिकून आहे तो अशाच उदाहरणांवर. हल्ल्यातून वाचलेल्या माशाला काही महिने अर्धवट प्रतिकारशक्ती मिळते. अंगावर काही दिसत नाही, पण थोडे किडे कल्ल्यांत तग धरून असतात. पुढे नवा मासा आणला की तो चार दिवसांत पांढरा होतो, जुने मात्र ठणठणीत. दोष मग नव्या माशाच्या माथी मारला जातो.

"पाणी ३० अंशांवर न्या." हा उपाय गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा आहे. तो किडा वेगळा, नुसता दिसायला सारखा, आणि त्याला ही उष्णता सोसत नाही. खाऱ्या पाण्यातल्याला सोसते. उलट त्याचं चक्र वेगाने फिरतं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तो कमी पडतो नेमका कल्ले सुजलेल्या माशाला.

लसूण आणि श्रिम्पबद्दल थोडक्यात. लसणाच्या वासाने रुसलेला मासा कधीकधी खायला लागतो, तेवढ्यापुरता तो घालावा. क्लीनर श्रिम्प मेलेली कातडी आणि चिकटा टिपते. कातडीखालच्या किड्यापर्यंत तिचे चिमटे पोचत नाहीत. क्लीनर रास हा सफाई करणारा मासाही समुद्रात मुख्यतः वेगळेच, कवचधारी परजीवी खातो आणि घरच्या टाकीत बहुधा उपाशी मरतो.

"किडा प्रत्येक टाकीत असतोच." नाही. त्याला जगायला मासा लागतोच. पोहणाऱ्या पिल्लाला दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ते संपतं. कवच मात्र चिवट. फुटायला ७२ दिवस लागल्याची नोंद आहे, म्हणून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा प्रघात पडला. कोरल, गोगलगायी, श्रिम्प तिथेच राहू द्या. पण या काळात दुसऱ्या टाकीतलं ओलं जाळं, कोरलचा तुकडा किंवा ओला हातही मुख्य टाकीत गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"औषधांच्या नादी लागू नका." मुख्य टाकीत तर मुळीच नको. नेहमीचं औषध कॉपर, म्हणजे तांबं. त्याने श्रिम्प आणि कोरल मरतात, आणि लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणूंनी भरलेले दगड) ते शोषून घेतो. उपचाराची टाकी वेगळी हवी: उघडा तळ, हीटर, चालू टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. चिलेटेड (पाण्यात टिकावं म्हणून बांधून ठेवलेलं) कॉपर दोन-तीन दिवसांत चढवत २ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटरवर न्या आणि ३० दिवस तिथेच धरा. कॉपर मारतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालचा किडा आणि कवच दोन्ही त्यातून सुटतात, म्हणूनच महिना लागतो. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पाणी बदललं पण नव्या पाण्यात कॉपर घातलंच नाही. फिल्टरमध्ये कॉपर शोषणारा कार्बन विसरला. बाटलीवरचा डोस टाकला, चाचणी केलीच नाही. पातळी एक दिवस जरी घसरली तरी ३० दिवस नव्याने मोजायचे. आणि अमोनिया रोज तपासा. अशा टाकीत किड्याआधी अमोनियानेच मासे जातात.

औषध नको असेल तर दोन टाक्यांचा मार्ग आहे. दर ७२ तासांच्या आत मासा दुसऱ्या, पूर्ण वाळवलेल्या टाकीत हलवायचा, असं चारदा, १२ दिवसांत. किडा गळून पडतो तो मागे राहतो, कवच फुटेपर्यंत मासा तिथे नसतो.

मिठाच्या कणांऐवजी पिठी चाळल्यासारखी बारीक धूळ अंगावर असेल, मासा धापा टाकत पंपाच्या धारेत उभा असेल, तर तो व्हेल्व्हेट, दुसराच परजीवी. त्यात आठवडाभर वाट पाहणं म्हणजे टाकी रिकामी करणं. कॉपर त्याच दिवशी सुरू करा. पाण्याचा खारटपणा कमी करणं किंवा वर सांगितलेला दोन टाक्यांचा मार्ग यावर चालत नाही.

"मासे जमवून घेतात." काही घेतात. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पातं असतं; लहान टाकीत सारख्या आकाराचे दोन टँग भांडले की कल्ल्यामागे सरळ चिरा दिसतात. भांडण लागतं ते सारख्या रंगाच्या आणि सारख्या बांध्याच्या माशांत. म्हणून जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा असेल तिथे त्याच रंगाचा डॉटीबॅक नको. क्लाउनफिश दोन घ्या, एक मोठा, एक लहान; मोठा मादी होतो. तिसरा मार खातो. लायनफिशच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं जेवणच. मँडरिन स्वभावाने गरीब, पण कोपेपॉड (तो खातो ते बारीक जीव) नसलेल्या नव्या टाकीत वाळून मरतो.

क्रमही महत्त्वाचा: फायरफिशसारखे बुजरे आधी, डॅमसेल आणि सिक्सलाइन रास शेवटी. "कणखर आहे" म्हणून डॅमसेल पहिला सोडला की सगळी टाकी त्याची जहागीर. नवा मासा, विलगीकरण संपवून आलेला असला तरी, आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ३-४ दिवस आत टांगा. चौथ्या दिवशीही जुना मासा डब्यावर धडका मारत असेल तर झाकण उघडू नका. त्या दोघांपैकी एकाला दुसरी टाकी शोधा.