हार्मोन एकटं पुरेसं नाही

आईपण म्हणजे निव्वळ हार्मोनचा खेळ, असं आईपणावरच्या एका लेखात वाचलं; ते मला अर्धंच पटलं. १९६७ साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रोझेनब्लाट यांनी कधीच न व्यालेल्या उंदराच्या माद्या, अगदी नरसुद्धा, पिल्लांच्या सहवासात ठेवले. व्याण्याच्या हार्मोनशिवायच आठवड्याभरात तेही पिल्लं चाटू लागले, उचलून आणू लागले!

लातूर जिल्ह्यातल्या औशाला आमची आजी उस्मानाबादी शेळ्या पाळायची. करडू पोरकं झालं की नुकत्याच व्यालेल्या शेळीचं वेताचं चिकट पाणी त्याच्या अंगाला चोळून लगेच तिच्यापुढं ठेवायची. शेळीनं चाटलं की म्हणायची, "घेतलं गं माय तिनं!" उशीर झाला तर मात्र शेळी ढुशीच द्यायची. व्याल्यानंतरच्या त्या थोड्या वेळात शेळीचा मेंदू करडाचा वास पक्का ओळखून ठेवतो, हे लेखात यायलाच हवं होतं.