जबाबदारी दिलीत, मग अधिकारही द्या

आपल्याकडच्या छोट्या-मध्यम कंपन्यांत हे सर्रास चालतं. माणसाला बढती मिळते, कार्डावर 'मॅनेजर' छापून येतं, आणि निर्णय मात्र सगळे शेठच्या केबिनमध्येच. गिऱ्हाईकाने काहीही विचारलं की मॅनेजरचं उत्तर ठरलेलं: "विचारून सांगतो."

मी पूर्वी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो. एका संध्याकाळी माल पॅक होऊन गेटवर तयार, आणि ठरलेला टेम्पो बंद पडला. दुसरा टेम्पोवाला आठशे रुपये जास्त मागत होता. मंजुरी साहेबांची लागणार, साहेब लग्नाला गेलेले, फोन उचलेनात. माल तिथेच राहिला. सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली ती डिस्पॅच सुपरवायझरने. आठशे रुपयांपुरताही त्याच्यावर भरवसा नव्हता, पण ऑर्डर हुकल्याचं खापर फोडायला तोच सापडला. मला अजूनही त्याचा राग येतो.

खालच्यांच्या हाती अधिकार दिला तर धंदा बुडेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी लिज्जतकडे नीट बघावं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त भगिनी आहेत आणि लाटणारी प्रत्येक जण मालकीण आहे. पुरुष पगारावर काम करू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. शाखेची संचालिका लाटणाऱ्या बायकांतूनच पुढे येते, 21 जणींची मध्यवर्ती समितीही त्यांच्यातलीच. शाखेतून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, वजन करून मजुरी घ्यायची. पापड जाड झालाय की ओला राहिलाय, हे ओळखायला संचालिकेला कुणा साहेबाची गरज पडत नाही. तिचे हात त्याच कामात मुरलेले असतात.

प्रत्येक कंपनीने सहकारी संस्था व्हावं असं मी म्हणत नाही. भांडवल ज्याचं, त्याला धास्ती असणारच. पण निदान एवढं करा: कुणी किती रुपयांपर्यंत स्वतः ठरवायचं ते कागदावर लिहा, सही करा आणि तो कागद सगळ्यांना दाखवा. त्या मर्यादेत घेतलेला निर्णय एखादे वेळी चुकला तरी चारचौघांत त्याला झापू नका. हिशेब महिनाअखेरीला मागा, रोज संध्याकाळी नको.