‘फी भरली, नेट आपलं’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन मुलांनी पाठवला. ‘कॉलेजचं वायफाय आपल्या फीतून चालतं, कसंही वापरा. इन्कॉग्निटो किंवा व्हीपीएन लावलं की कॉलेजला काही कळत नाही. लॉगिन मित्राला दिलं तर तो गुन्हा नाही. आणि नेटवर नजर ठेवायचा कॉलेजला अधिकारच नाही, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे.’ खाली ‘सगळ्या ग्रुपवर टाका’. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं कॉम्प्युटर लॅब आणि नेटवर्क सांभाळतो. या मेसेजवर विसंबून मुलं गोत्यात येतील, म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा फीचा. फी सगळेच भरतात. आमच्या लॅबला 100 एमबीपीएस वेगाची नेटची लाइन आहे आणि चाळीस मशीन. सगळी चालू असली की एकेकाच्या वाट्याला अडीच येतात. त्यात कुणी टोरेंट (मोठ्या फाइली उतरवायची पद्धत) लावलं की ते एका वेळी शेकडो ठिकाणांशी जोडणी करतं आणि सगळी लाइन ओढून घेतं.

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. सुरगाण्याकडून येणारी एक मुलगी चार वाजल्यापासून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला चढवत बसली होती. तिच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून सगळं इथेच. गोल चक्र फिरत राहायचं, सेशन संपायचं, पुन्हा लॉगिन. ‘सर, परत ओटीपी मागतंय,’ ती म्हणाली. ओटीपी जायचा वडिलांच्या फोनवर आणि वडील द्राक्षबागेत मजुरीला. तिने तीनदा फोन लावला, तीनदा त्यांना काम थांबवायला लावलं. मी राउटर उघडून पाहिलं, तर दोन फोन सिनेमे उतरवत होते. त्यांची जोडणी तोडली आणि पाच मिनिटांत दाखला चढला. पावतीचं प्रिंट हातात घेऊन ती एसटी गाठायला सीबीएस बसस्थानकाकडे पळाली. ते दोघं वाईट नव्हते, पलीकडे कोण बसलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण फी तिनेही भरली होती.

आता इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. त्याने तुम्ही काय पाहिलं ते त्या मशीनच्या हिस्ट्रीत राहत नाही आणि खिडकी बंद केली की लॉगिन पुसलं जातं. लॅबच्या सामायिक मशीनवर ही चांगलीच सवय आहे, जरूर लावा. पण नेटवर्कपासून ते काहीच लपवत नाही. क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी स्वतःच हे लिहून दाखवते, फक्त ते कुणी वाचत नाही. मला साधारण काय दिसतं? कुठलं लॉगिन, किती वाजता, कुठल्या साइटवर, किती डेटा. तुम्ही काय टाइप केलं, व्हॉट्सॲपवर काय बोललात, ते दिसत नाही, कारण ते कूटबद्ध होऊन जातं. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय. त्याने साइटचं नाव माझ्यापासून झाकलं जातं, पण ते त्या व्हीपीएनवाल्याच्या हाती जातं. फुकटचं ॲप असेल तर तो कोण, हे तुम्हालाही माहीत नसतं.

आणि नोंदी ठेवायच्याच का? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशात नोंदी 180 दिवस जपायला सांगितलं आहे, आम्हीही तेवढ्याच ठेवतो. शिवाय बाहेरच्या जगाला आमच्या कॉलेजातले सगळे फोन आणि मशीन एकाच आयपी पत्त्यावरून (नेटवरच्या ओळख क्रमांकावरून) आलेले दिसतात. उद्या त्या पत्त्यावरून कुणी फसवणूक केली, तर तुम्ही त्यात नव्हता हे दाखवायला ती नोंदच साक्षीला असते.

ही साक्ष उलटते ती लॉगिन वाटल्यावर. नुसता पासवर्ड सांगणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, हे खरं. पण दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क (66C) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आमच्याकडे एका मुलाच्या लॉगिनवरून कुणीतरी खोटं खातं काढून वर्गातल्या मुलीला घाण मेसेज पाठवले. नोंदीत नाव या मुलाचं, म्हणून आधी बोलावणं त्याला. निफाडहून त्याचे वडील कांद्याची काढणी टाकून आले आणि दिवसभर ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिले. खरा पाठवणारा तिसऱ्या दिवशी सापडला. त्या तीन दिवसांत वर्गातलं कुणीही त्या मुलाशी बोललं नाही.

राहिला प्रायव्हसीचा मुद्दा, आणि इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण तो अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे: कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरताच हस्तक्षेप असेल तर मर्यादा घालता येते. म्हणून ‘अधिकारच नाही’ हे चूक. मात्र काय नोंदवता, किती दिवस ठेवता, कोण बघतं, हे कॉलेजला विचारणं तुमचा हक्कच आहे. आमच्याकडे हे नियम प्रवेशाच्या गर्दीत सहीपुरते पुढे सरकवले जायचे, तेही इंग्रजीत. ती आमची चूक होती.

आता तो कागद मराठीत करून लॅबच्या दारावर लावलाय. त्यातलं काही खटकलं तर या, दहा ते साडेपाच मी आतच असतो.