‘भलतंच मॉड्यूल माथी मारलं’ या एक-स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंत, ‘म्हापशाच्या या माणसाने मूळ कंपनीचं सोडून भलतंच मॉड्यूल माथी मारलं, पहिल्याच पावसात वीज गेली आणि हॉटेलचे मागचे दोन्ही ब्लॉक दीड दिवस वायफायविना. फोन केला तर म्हणे, स्विचला विचारा.’ ते शेवटचं मी खरंच बोललो. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तरी बोलायला नको होतं. माफ करा.

पण मॉड्यूल (स्विच म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी, तिच्यात फायबरची तार जोडायला खोचतात तो छोटा तुकडा) भलतं नव्हतं. कोटेशनमध्ये दोन्ही दर होते. दुसऱ्या कंपनीचं घ्या असं मीच सुचवलं आणि उद्याही तेच सुचवीन. एसएफपी, म्हणजे या जातीच्या मॉड्यूलचा आकार, पिना हे सगळं उत्पादकांनी मिळून ठरवलेलं, त्यामुळे कुणाचंही मॉड्यूल खाचेत चपखल बसतं. अडतं ते पुढे. त्याच्या पोटात चिमुकली मेमरी असते, तीत बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर. काही स्विच ते वाचतात आणि घरचं नाव दिसलं नाही की पोर्टच, म्हणजे ती खाचच, बंद करून टाकतात. तुमचा त्यातलाच. त्यावर ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ ही कमांड आहे. ती दिली की स्विच आधी जबाबदारी झटकणारा इशारा छापतो, मग मुकाट्याने मॉड्यूल स्वीकारतो.

माझी चूक इथे झाली. कमांड दिली, पोर्टचा दिवा हिरवा झाला, तुमच्याकडचा चहा घेतला आणि निघालो. सेव्ह केलंच नाही. चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतं; यूपीएसने मान टाकली, स्विच रीबूट झाला आणि ती कमांड विसरला. ‘राइट मेमरी’, सेव्ह करायचे दोन शब्द. यावरून मी दुकानातल्या पोरांना रोज ओरडतो.

दुसऱ्या ब्लॉकचं पाप मात्र माझं नाही. कमांड पुन्हा देऊनही तिथे लिंक येईना. रॅक उघडला तर पिवळी पॅचकॉर्ड (फायबरची छोटी जोडतार) कुणीतरी काढून परत खोचलेली. येणारा प्रकाश उणे 27 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). या दहा किलोमीटरवाल्या मॉड्यूलला उणे 20च्या आसपासच दिसेनासं होतं. फायबरचं टोक क्लीनरने पुसलं, आकडा उणे 7 वर आला. बोटाचा तेलकट ठसा पुरतो तिथे. रॅकला कुलूप लावा एवढंच म्हणतो.

दोन्ही फेऱ्यांचे पैसे बिलातून काढलेत. स्विचवाल्या कंपनीचं एक मॉड्यूल माझ्या खर्चाने तुमच्या रॅकमध्ये ठेवतो. त्यांच्या सपोर्टला फोन केलात तर आधी तेच घालून बघायला सांगतील.

चतुर्थीची गर्दी सुरू व्हायच्या आत येतो. तुमच्यासमोर स्विचची वीज काढीन, पुन्हा देईन, दोन्ही ब्लॉक आपोआप वर आले की मगच चहा. स्टारचं तुम्ही ठरवा.