‘चार सर्व्हरसाठी स्क्रिप्ट कशाला?’ या प्रश्नाला उत्तर

सिस्टम ॲडमिन मंडळींमध्ये एक दावा फार शेअर होतोय: ‘दहा-वीसपेक्षा कमी सर्व्हर असतील तर सेटअप हातानेच करा. स्क्रिप्ट लिहिण्यात वेळ जातो, ती एका फटक्यात सगळं उडवू शकते, हाताने करताना माणसाचं लक्ष असतं, पायऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या की पुरतं, आणि स्क्रिप्टमुळे नवी मुलं काही शिकत नाहीत.’ (स्क्रिप्ट म्हणजे सेटअपच्या आज्ञा ओळीने लिहिलेली, आपोआप चालणारी फाइल.) मला यातला एकही मुद्दा मान्य नाही. दुसऱ्यामागची भीती मात्र खरी आहे.

आधी वेळ. पहिल्या सर्व्हरला स्क्रिप्टने जास्त वेळ लागतो, कबूल. पण सर्व्हर एकदाच कुठे उभा करायचा असतो? सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला, तेव्हा हाताने केलेले सेटअप पुन्हा करावे लागले, आणि जुन्या मशीनवर कधी काय बदललं होतं हे शोधण्यातच दिवस गेले. स्क्रिप्टलाही दुरुस्त्या लागल्या असत्याच, पण यादी तरी हातात असती. त्यासाठी ॲन्सिबलसारखं सेटअपचं खास साधनच हवं असंही नाही, लिनक्समध्ये आज्ञा चालवणारी साधी बॅश चालते.

आता ‘हाताने करताना माणसाचं लक्ष असतं’ हे. १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाल कंपनी. नवा कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, तंत्रज्ञाकडून एक राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. सर्व्हर आठच होते. दाव्यातल्या ‘दहा-वीसपेक्षा कमी’मध्ये अगदी आरामात बसणारे.

स्क्रिप्टनेही नासधूस होते. जानेवारी २०१५मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या ॲपच्या स्क्रिप्टमधली अशीच चूक उघड झाली: फोल्डर हलवलेलं असेल तर त्याचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल रिकामं राहायचं आणि पुसण्याची आज्ञा थेट मूळ डिरेक्टरीवर, म्हणजे सगळ्या फाइली ज्याच्या आत असतात त्या फोल्डरवर, चालायची. लोकांच्या फाइली गेल्या. पण ती चूक एका ओळीत होती, कुणालाही दाखवता येत होती. व्हेरिएबल रिकामं असेल तर तिथेच थांब, हे बॅशला सांगायला कोलन आणि प्रश्नचिन्ह एवढी दोन चिन्हं पुरतात. एकदा घातली की सगळ्यांसाठी कायमची. रात्री दोन वाजता झोपेत टाइप केलेल्या आज्ञेत ती कुठे घालणार?

पायऱ्यांच्या फाइलवर माझाही विश्वास होता. उबंटू २२.०४च्या क्लाउड सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद करायचं होतं. फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) मुख्य कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, ‘नो’ केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, टिक मारली. पण त्या कॉन्फिगच्या सुरुवातीलाच दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली ओढून घेणारी ओळ असते. तिथे क्लाउड-इनिटने (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणारा प्रोग्रॅम) ‘यस’ लिहून ठेवलं होतं, आणि एसएसएच आधी सापडलेलं मूल्यच धरतं. तीन आठवडे पासवर्डचं दार उघडं होतं. पायरी तर मी चोख पाळली होती! आता माझी स्क्रिप्ट बदल केल्यावर एसएसएचलाच विचारते की प्रत्यक्षात काय लागू आहे, आणि उत्तर ‘नो’ नसेल तर पुढे जात नाही. कागदावरची पायरी हे विचारत नाही.

नव्या मुलांच्या शिकण्याचा मुद्दा मला सगळ्यात कमी पटतो. आमच्याकडे येणाऱ्याला पहिल्या दिवशी एक रिकामं व्हर्च्युअल मशीन आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली स्क्रिप्ट मिळते. कुठली ओळ का आली हे कमिटमध्ये, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीत, वाचायचं, हवी ती ओळ काढायची, काय मोडतं ते बघायचं. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने फायरवॉलमध्ये एसएसएचचं पोर्ट उघडणारी ओळ काढली. पुन्हा लॉगिन करायला गेली तर मशीन दाद देईना. तिने ते पुसलं, ओळ परत घातली आणि स्क्रिप्ट चालवली. सहा मिनिटांत ती नव्या मशीनमध्ये होती.